सहीपुरती शिकवणी

सकाळचे दहा वाजून गेले तरी राजसी वरच्या खोलीतून खाली आली नव्हती, आणि खाली ओटीवर तिच्यासाठी सोललेला नारळ पितळेच्या ताटात ठेवलेला होता.

भोईरांच्या भावकीत चूक कबूल करायची रीत एकच. तोंडाने मागितलेली माफी इथे कुणी धरत नाही. ज्याचं मन दुखावलं त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, पाया पडायचं, आणि चूक काय झाली ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. समोरच्याने नारळ उचलला की विषय मिटला. मग तो पुन्हा कुणी काढायचा नाही, अगदी दुसऱ्या भांडणातसुद्धा. रीत चांगली आहे. हळदीत पिऊन मांडव पाडणाऱ्या, पाहुण्याला गटारात लोळवणाऱ्या कितीतरी पुरुषांची अब्रू ह्या नारळानेच सांभाळली. भावकीतला थोरला म्हणून आज येऊन बसलेल्या कमळाकरने स्वतः आजवर तीन नारळ ठेवले होते, तिन्ही हळदीचेच. पण सोळा वर्षांच्या पोरीने नारळ ठेवायची वेळ बदलापूर गावातल्या ह्या घरात कधी आली नव्हती.

"यील ना खाली?" कमळाकरने तिसऱ्यांदा विचारलं. त्याचा चहा पिऊन झाला होता.

"यील," हिरामण म्हणाला. आजोबा असूनही त्याला खात्री नव्हती. शुक्रवारपासून त्याला कशाचीच खात्री वाटत नव्हती.

शुक्रवारी दुपारी नोंदणी कार्यालयात जे घडलं ते दोन दिवस झाले तरी त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत त्याची धाकटी बहीण वेणू डोक्यावरचा पदर नीट करून बसली होती. बापाच्या जांभूळ गावच्या जमिनीवर हिरामणबरोबर तिचंही नाव होतं. ते काढायचं हक्कसोडपत्र टेबलावर होतं, आणि वेणूचं नाव निघाल्याशिवाय बिल्डर पुढचं बोलायला तयार नव्हता. टेबलापलीकडच्या बाईने मान वर न करता रोजचा प्रश्न विचारला, "आजी, कागद वाचून घेतलात ना?" ह्या प्रश्नाला पंचक्रोशीतल्या सगळ्या बहिणींनी आजवर नुसती मान हलवली होती. वेणू म्हणाली, "नाय वाचला. थांबा, वाचते."

आणि तिने कागद उचलला आणि खरंच वाचायला लागली. बोट ठेवून, अक्षरं सोडवत, मोठ्याने. लि-हून दे-णार वे-णू. मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. हिरामणला आधी वाटलं, बहीण सोंग करते आहे. त्रेसष्ट वर्षं तो तिला ओळखत होता. तिला एसटीचा बोर्ड वाचता येत नव्हता, नवऱ्याच्या श्राद्धाची तारीखसुद्धा ती ह्याला फोन करून विचारायची. अर्धं पान झाल्यावर तिने कागदाची घडी घातली, पिशवीत टाकला आणि म्हणाली, "दादा, मी घरी बसून वाचते." रिक्षा करून ती निघूनही गेली, आणि हिरामण, त्याचा मुलगा जितेश आणि वकील असे तिघे रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले.

वाईट कशाचं वाटलं असेल हिरामणला, तर ते सगळ्यांसमोर झालं ह्याचं. बहिणीने भावाला जमीन सोडायची आणि भावाने जन्मभर तिचं माहेर चालवायचं, हे तो बापाकडून शिकला होता आणि आपल्या बाजूने त्याने ते पाळलंही होतं. वेणूचा नवरा सदू गेला तेव्हा बारा दिवस हा तिच्या दारात बसून होता. दर दिवाळीला साडी, दर आषाढाला मटण. एवढं केल्यावर बहीण कागद वाचायला मागते, ह्याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने?

आणि शनिवारी तर त्याच्यावर कळस झाला. वेणूचा मुलगा धर्मेश, ज्याचं उल्हासनगरला मोबाईलचं दुकान आहे, तो भर दुपारी गल्लीत गाडी लावून ओरडला, "मामा, माझ्या आईला फसवताय काय?" सगळी गल्ली बाहेर आली. त्याच्या फोनमध्ये जितेशच्या कपाटात राहिलेल्या हक्कसोडपत्राच्या प्रतीचा फोटो होता. फोटोच्या कोपऱ्यात केमिस्ट्रीच्या जर्नलचं अर्धं कव्हर दिसत होतं, आणि त्यावर नाव होतं राजसी जितेश भोईर.

म्हणून हा नारळ. जितेशने काल रात्रीच सांगून टाकलं होतं: राजसीने कमळाकरकाकांच्या समोर आबांपुढे, म्हणजे हिरामणपुढे, नारळ ठेवायचा, नाहीतर सोमवारपासून उल्हासनगरचं कॉलेज बंद. जितेश बोलतो ते करतो. दोन वर्षांपूर्वी घरात भांडण झालं म्हणून त्याने टीव्ही उचलून गच्चीवर नेऊन ठेवला होता आणि तो तिथेच पावसात सडला.

*

वरच्या खोलीत राजसीची आई श्रद्धा पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण ह्या सगळ्या प्रकारात तिला कुठेतरी हायसं वाटलं होतं.

श्रद्धाचं माहेर अंबरनाथला बुवापाड्यात. वडील साताऱ्याकडून कारखान्यात कामाला आलेले. त्या दोन खोल्यांत मुलीने वाईट वागणं म्हणजे मुलाशी बोलणं, मोठ्याने हसणं, दारात उभं राहणं. लग्न होऊन भोईरांकडे आली तेव्हा पहिल्याच हळदीत सासू कौसाबाईला डीजेपुढे नाचताना बघून ती दोन दिवस जेवली नव्हती. इथे नाचलेलं चालत होतं, हसलेलं चालत होतं. मोठ्यांना उलट उत्तर दिलेलं चालत नव्हतं. ती हळूहळू शिकली. पण मुलीची काळजी मात्र तिने माहेरचीच केली.

शनिवारी सकाळी राजसी आंघोळीला गेली असताना तिने तिचा फोन उघडला. डी नावाच्या कुणाचातरी मेसेज होता. "फोटो मिळाला. घरी कुणाला सांगू नको." कसला फोटो? कोण डी? ती तशीच जितेशकडे गेली आणि रडायला लागली. दुपारी धर्मेश गल्लीत येऊन ओरडला तेव्हा डी कोण ते कळलं. "मुलगा नाहीये हो, धर्मेशभाऊ आहेत," असं ती नवऱ्याला जवळजवळ आनंदाने म्हणाली. तेव्हा जितेशने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"बॉयफ्रेंड असता तर परवडला असता," तो म्हणाला होता.

हे वाक्य श्रद्धाच्या कानातून जात नव्हतं. सोळा वर्षं ज्या गोष्टीला ती घाबरत आली, ती ह्या माणसाला परवडली असती.

"खाली चल, राजू," ती आता म्हणाली. "नारळ ठेव, पाया पड, सुटशील. कॉलेज आहे तुझं."

"तू माझा फोन वाचलास." राजसी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"आई आहे मी तुझी."

"पासवर्ड कधी बघितलास?"

"बघितला. विषय तो नाहीये."

"माझ्यासाठी तोच आहे, मम्मी. मी कपाटातला कागद वाचला तर सगळी भावकी बोलावली. तू माझा फोन वाचलास, त्याचा नारळ कोण ठेवणार?"

आपण काही चुकीचं केलं असं श्रद्धाच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या आईने तिची दप्तरं तपासली होती, आईच्या आईने आणखी काय काय. मुलीचं काहीतरी मुलीचंच असतं, हा विचार पहिल्यांदाच तिच्यासमोर आला होता आणि तोही अशा वेळी, जेव्हा खाली पाहुणे बसले होते.

"तो मोठ्यांचा कागद होता," ती एवढंच म्हणाली.

"त्यावर वेणूआत्याचं नाव होतं. पप्पांनी मला काय सांगितलं होतं, माहितीये ना? बँकेसाठी म्हणाले होते."

हे मात्र श्रद्धाला माहीत होतं, कारण ती तेव्हा तिथेच पोळ्या लाटत होती. एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, जितेश म्हणाला होता, "राजू, आता सुट्टीत आत्याकडे जात जा. तिला सही करायला शिकव. बँकेत अंगठा लावायला लाज वाटते तिला." वकिलाने त्याला सांगितलं होतं, की अंगठा नको, अंगठ्यावर उद्या कुणीही म्हणेल की बाईला समजलंच नाही, सही असली की तोंड बंद. ते श्रद्धालाही माहीत होतं. राजसीला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि श्रद्धानेही नाही.

"चल," राजसीच उठली. "मी येते. पण मी कशाबद्दल ठेवणार ते मी ठरवणार."

*

ओटीवर सगळे होते. आबा झोपाळ्यावर, कमळाकरआजोबा खुर्चीत, पप्पा दाराला टेकून, आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. राजसीला वाटलं होतं आपण चिडलेलो असू. पण जिना उतरताना ती दोनदा थांबली होती.

"बस," जितेश म्हणाला. ती स्टुलावर बसायला गेली. "खाली."

ती खाली बसली.

"बोल पोरी," कमळाकर म्हणाला. "काय चुकला तुझा, तो सांग आनि ठेव नारल. आमाला पन घरी जायाचा हाय."

"आजोबा, मी काय काय केलं ते सांगते. चूक कुठली ते तुम्ही सांगा." राजसीने ताट थोडं बाजूला सरकवलं. "पप्पांनी आत्याला सही शिकवायला सांगितली. ती तीन आठवड्यांत शिकली. मग एक दिवस तीच बोलली, हा 'व' माझा, मग ह्याच्या पुढचा कोनाचा? मी पुढचा शिकवला. मग त्याच्या पुढचा. तिच्या शेजारच्या देवीआंटी पाणी आणि पापड घेऊन यायच्या. आत्याने पहिला शब्द स्वतः वाचला तो पापडाच्या पाकिटावर. खूप हसली ती. मला कसलाच प्लॅन नव्हता. वाचायला मागत होती, म्हणून शिकवलं."

"आम्ही सही सांगितली होती," जितेश म्हणाला. "सहीपुरतं."

"सहीपुरतं कसं शिकवतात, पप्पा? तीन अक्षरं आली की माणूस चौथं बघणारच ना."

"उलट बोलू नकोस."

"उलट नाही बोलत. सिरीयसली विचारतेय."

कौसाबाईने उंबऱ्यावरून च्च केलं. "ह्येच ते. तोंडाला तोंड. ह्या घरात पोरी असं बोलत नसत. आमच्या येली बापाच्या समोर उभं नव्हतो रहात." तिचा नातीवर जीव होता, आणि म्हणूनच तिचा राग खरा होता. उद्या ही पोर कुठल्या घरात जाईल आणि तिथे अशीच बोलेल, ह्या विचाराने तिला रात्री झोप लागत नसे.

"पुढं सांग," हिरामण म्हणाला. त्याचा आवाज नातीला परका वाटला.

"गुरुवारी जेवताना पप्पा बोलले, आत्याला सही जमते ना, उद्या कामाला येईल. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी आत्याला फोन केला. मी बोलले, उद्या कागद देतील तो वाचल्याशिवाय सही करू नको. एवढंच बोलले. कर किंवा करू नको, असं नाही बोलले." तिने आजोबांकडे पाहिलं. "आबा, ह्यासाठी मी नारळ ठेवणार नाही. कॉलेज बंद केलंत तरी."

कमळाकरने चष्मा काढून पुसला. तीन नारळ ठेवताना त्याने प्रत्येक वेळी सगळं कबूल केलं होतं, न केलेलंसुद्धा, कारण जेवायला उशीर होत होता. कबूल न करणारं माणूस समोर बसलं तर काय करायचं ते रीतीत कुठे सांगितलेलं नव्हतं.

"आणि फोटो?" जितेश पुढे आला. "शुक्रवारी संध्याकाळी माझ्या कपाटातून कागद काढून धर्मेशला फोटो पाठवलास तो? गल्लीत आबांना चोर म्हणून गेला तो. तुझ्यामुळे."

"तुम्ही सगळे आत्याला फोन करून करून ओरडत होता. ती एकटी होती. तिचा मुलगा आहे तो. तिच्या बाजूने कुणीतरी पाहिजे, म्हणून पाठवला." हे बोलताना राजसीला पूर्ण खात्री होती. ह्या सगळ्यात आपण केलेलं सर्वांत धाडसाचं काम तेच, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. वेणूआत्या एकटीच उतरली. पायऱ्या चढली, दारात चपला काढल्या. माहेरी येताना तिच्या हातात नेहमी काहीतरी असायचं, सुकट नाहीतर पापड. आज कापडी पिशवी होती आणि तोंडावर हसू नव्हतं.

*

कौसाबाईने सवयीने पाण्याचा तांब्या आणला. नणंदेने तो घेतला, पण पाणी प्यायली नाही.

"धर्मेश?" हिरामणने विचारलं.

"त्याला सांगून नाय आले. देवीला सांगून आले." वेणू भिंतीला टेकून राजसीच्या शेजारी खाली बसली. माहेरी आली की ती थोरल्या भावाशेजारी झोपाळ्यावर बसायची, हा तिचा मान होता. आज ती तिथे गेली नाही, हे कौसाबाईने पाहिलं.

पिशवीतून तिने घडी घातलेला कागद काढला आणि जमिनीवर ठेवला. "ह्यो दादाचा." मग दुसरा काढला, नवा कोरा, करकरीत, आणि त्याच्या शेजारी ठेवला. "आनि ह्यो माझ्या पोराचा. काल हितून घरी आला तो ह्योच घेऊन आला. कुलमुखत्यारपत्र. म्हंजे माझ्या नावाच्या जमिनीचा काय करायचा तो धर्मेश ठरवील. बोलतो, आई, सही कर, मामा लुटतील तुला. रात्री जेवलो नाय आमी दोघा पन."

राजसीने तो दुसरा कागद उचलला, दोन ओळी वाचल्या, आणि तो परत खाली ठेवला.

"आत्या, मी त्याला फक्त..."

"मना वाचता येत व्हता ना, पोरी?" वेणूचा आवाज चढला नव्हता. "तूच शिकवलास. मी कागद गादीखाली ठेवला व्हता. दोन दिस वाचनार, मग दादाकडं येनार आनि त्याला सांगनार व्हते, मना काय वाटतं ते. पोराला नव्हता सांगायचा, म्हनून लपवला. तू फोटो पाठवलास. मना इचारलास काय?"

"नाही विचारलं."

"ह्यांनी मना इचारला नाय, म्हनून तू रागावलीस. मग तू पन नाय इचारलास."

श्रद्धाने तोंडाला पदर लावला. आपली मुलगी चुकली असं सगळे दोन दिवस म्हणत होते, पण ती नेमकी कुठे चुकली हे ह्या घरात पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं. राजसी रडत होती. वडील ओरडले तेव्हा ती रडली नव्हती.

तिने ताट ओढलं. नारळ दोन्ही हातांत घेतला आणि वेणूआत्याच्या पायांपुढे ठेवला. "तुला न विचारता तुझा कागद दुसऱ्याला दिला. चूक झाली," ती म्हणाली, आणि वाकून पाया पडली. आत्यानेच तिला दंडाला धरून उठवलं. मग वेणूने नारळ उचलला, मांडीवर घेतला आणि पदराच्या टोकाने पोरीचं तोंड पुसलं.

"मिटला," ती म्हणाली.

"हा आत्याचा झाला," जितेश म्हणाला. त्याचाही आवाज आधीसारखा राहिला नव्हता, पण सुरू केलेलं सोडायची त्याला सवय नव्हती. "आबांचा राहिला."

"आबांपुढे कशाबद्दल ठेवू, पप्पा? एक वाक्य सांगा, मी बोलते."

"बापाच्या शब्दाबाहेर गेलीस, त्याबद्दल."

"तुम्ही बँकेसाठी बोललात."

"राजसी, शेवटचं विचारतो."

"नाही ठेवणार."

"मग उद्यापासून कॉलेज बंद. घरी बस."

कौसाबाई उंबऱ्यावर बसून दोन्ही कागदांकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. पण असा कागद तिने पाहिला होता. एकतीस वर्षांपूर्वी, आईच्या वर्षश्राद्धाला बोलावून, जेवणाआधी तिच्या चारी भावांनी पुढे केला होता. "ताई, इथं अंगठा," एवढंच बोलले होते. कौसाबाईने हसत हसत अंगठा लावला होता. हिरवी साडी घेऊन आली होती. चांगली बहीण अशीच असते, हे तिने गावात दहा जणींना सांगितलं होतं, कालपर्यंत नातीलासुद्धा सांगत होती. त्यानंतर दोन दिवाळ्या भावांनी बोलावलं. मग कुणी नाही. कामात असतात, असं ती सांगायची. एकतीस वर्षं ती हे सांगत होती आणि आज पहिल्यांदा तिला ते खोटं वाटलं. तिने उंबरा घट्ट धरला.

"ह्याच्यात लिवलाय," वेणू भावाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "मी हे रा-जी-खु-शी-ने लिहून देते. पोराच्या कागदात पन ह्योच शब्द हाय. दादा, ही राजीखुशी कोनी लिवली?"

"वकिलानं," हिरामण म्हणाला.

"मना बघितला पन नव्हता त्या वकिलानं."

हिरामणला आठवत होतं, पाटी घेऊन शाळेत तो गेला होता आणि वेणू म्हशींमागे गेली होती, कारण दोघांपैकी एकाने जायला हवं होतं आणि ती मुलगी होती. त्याने हे कधी ठरवलं नव्हतं. पण परत आल्यावर तिला एक अक्षरही त्याने कधी दाखवलं नव्हतं, तेही खरं.

वेणूने मांडीवरचा नारळ बाजूला ठेवला आणि भावाकडे सरळ पाहिलं.

"पोरीचा नारल झाला, दादा. तुझा कुठं हाय?"

कमळाकर खुर्चीत ताठ झाला. "वेणू, काय बोलतेस? थोरला भाव धाकट्या भयनीपुढं नारल ठेवतो काय? असा कवा झाला नाय आपल्यात."

"पोरीनं पन कवा ठेवला नव्हता. सकाली तर तुमीच बसलेत तिच्यासाठी."

"आत्या, आता बास," जितेश म्हणाला. "आबांचं वय बघ."

"माझा पन बघ."

झोपाळ्याची कडी कुरकुरली. हिरामण जमिनीकडे बघत होता. कुणी काही बोललं असतं तर त्याला उठून परसात जाता आलं असतं. तो तशी संधी शोधतच होता, हे त्याच्या बायकोला कळत होतं. बेचाळीस वर्षांत तिने त्याला असा परसात जाताना पुष्कळ वेळा पाहिलं होतं.

कौसाबाई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आत काहीतरी सरकवल्याचा, मग कोयत्याचा आवाज आला. सुनेला वाटलं, सासूबाई जेवणाच्या तयारीला लागल्या, हा विषय त्यांना ऐकायचाच नाही. थोड्या वेळाने कौसाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरा नारळ होता. कुणाकडे न बघता ती झोपाळ्यापाशी गेली आणि तो तिने नवऱ्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"आये?" जितेश म्हणाला.

हिरामणने नारळाकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिच्या डोळ्यांत त्याला जे दिसलं ते तिने कधीच दाखवलं नव्हतं. त्याने नजर मुलाकडे वळवली.

"जितेश, पोरगी उद्या कालेजला जाईल."

श्रद्धाने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. राजसीने आबांकडे पाहिलं. कमळाकरही पंचा झटकून उठायला लागला, कारण घरच्या थोरल्याने निकाल दिला होता आणि त्याच्या हिशोबी बैठक संपली होती.

कौसाबाई जागची हलली नाही.

"ते झाला," ती नवऱ्याला म्हणाली. "आता ह्यो भयनीपुढं ठेवा."